पिकअप गाडीच्या मालकीचा दीर्घकालीन परिव्यय

ग्रामीण महाराष्ट्रातील शेतमालाच्या वाहतुकीत गेल्या दोन दशकांत जे परिवर्तन घडून आले, त्याचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे लघु मालवाहू मोटार होय. २००५ साली टाटा कंपनीने 'एस' ही लहान चारचाकी बाजारात आणली आणि अल्पावधीतच 'छोटा हत्ती' हे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. तिच्याहून थोडी मोठी, दीड टनाच्या आसपास माल वाहणारी पिकअप गाडी आज नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा लासलगावच्या कांदा बाजारात पदोपदी दिसते. पुष्कळदा ह्या गाडीचा मालक हाच तिचा चालक असतो. घरातील थोडी पुंजी, वित्तसंस्थेचे कर्ज आणि स्वतःचे श्रम एवढ्या भांडवलावर तो ह्या व्यवसायात उतरतो. अशा मालकाला "किलोमीटरला खर्च किती येतो?" असे विचारले, तर उत्तरात बहुधा दोनच गोष्टी येतात : डिझेल आणि हप्ता. थोडा अधिक विचारी मालक टायर आणि विमा ह्यांची भर घालतो. उत्तर खोटे नसते. परंतु ते अपुरे असते आणि त्या अपुरेपणाची किंमत फार मोठी असते.

प्रस्तुत लेखात ह्या अपुरेपणाचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : पिकअप गाडीचा रोख खर्च आणि तिचा दीर्घकालीन परिव्यय ह्या दोन भिन्न राशी आहेत, दोहोंतील अंतर हे मुख्यतः मालकाच्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या रूपाने झिजत असते, आणि भाड्याचा दर ज्या वेळी केवळ रोख खर्चाकडे पाहून ठरतो, त्या वेळी शेतमालाची स्वस्त वाहतूक ही अंशतः मालकाच्या घरातील भांडवलातून चाललेली असते. हा विषय विद्यापीठीय अभ्यासाला अगदीच नवा आहे असे नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. छोट्या वाहनमालकाच्या अर्थकारणाकडे पुन्हा एकदा त्याच चिकाटीने पाहण्याची वेळ आली आहे.

१. परिव्ययाचे घटक

गाडीच्या परिव्ययाचे दोन भाग पडतात. गाडी चालो वा उभी राहो, जो भाग चुकत नाही तो स्थिर परिव्यय. गाडी जितकी धावेल तितका जो वाढतो तो चल परिव्यय. डिझेल, वंगण, टायरांची झीज आणि दुरुस्तीचा बराचसा भाग हे चल परिव्ययात मोडतात. विमा, कर, योग्यता-प्रमाणपत्राचे नूतनीकरण (ज्याला बोलीभाषेत 'पासिंग' म्हणतात) आणि चालकाचे वेतन हे स्थिर परिव्ययात मोडतात. ह्यांपैकी काही रकमा मालकाच्या हातात नसतात. उदाहरणार्थ, ७,५०० किलोपर्यंत स्थूल भार असलेल्या मालवाहू चारचाकीच्या त्रयस्थ-पक्ष विम्याचा मूळ हप्ता जून २०२२ पासून १६,०४९ रुपये ठरविण्यात आला. गाडी वर्षभर अंगणात उभी असली तरी तो भरावाच लागतो.

परंतु स्थिर परिव्ययातील सर्वांत मोठे घटक दोन असून दोन्ही अदृश्य आहेत. पहिला घटक म्हणजे भांडवलाचा वापर, म्हणजेच गाडीच्या मूल्यातील घट आणि गुंतलेल्या रकमेवरील व्याज. कर्जाचा हप्ता हा भांडवलाच्या ह्या वापराचे माप नव्हे. हप्ता हा कर्ज फेडण्याचा वेळापत्रकी करार आहे. तो पाच वर्षांत संपतो. गाडीची झीज मात्र त्यापूर्वी सुरू झालेली असते आणि त्यानंतरही चालू राहते. शिवाय स्वतःच्या खिशातून घातलेल्या रकमेवर कोणी व्याज मागत नाही, म्हणून ती रक्कम फुकट मिळाली असे ठरत नाही. ती अन्यत्र गुंतविली असती तर जे मिळाले असते, तेवढा तिचा संधी-परिव्यय होय.

दुसरा अदृश्य घटक म्हणजे मालकाचे स्वतःचे श्रम. पहाटे तीनला उठून बाजार गाठणारा मालक स्वतःला वेतन देत नाही, म्हणून त्याच्या हिशेबात चालकाचा खर्च शून्य असतो. परंतु त्याने दुसऱ्याची गाडी चालविली असती तर त्याला वेतन मिळाले असते. ते त्याने सोडले आहे. म्हणून ते परिव्ययात धरणे प्राप्त आहे.

घसारा हा केवळ झिजेचा परिणाम असतो अशीही एक समजूत आहे. ती किती अपुरी आहे हे अलीकडच्या एका घटनेवरून स्पष्ट होते. मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत तीच राहिली असे धरल्यास नव्या गाडीची करासह किंमत सुमारे ७.८ टक्क्यांनी उतरते. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्या मालकाची गाडी एक किलोमीटरही अधिक धावली नसताना तिचे मूल्य कमी झाले. हॅरल्ड हॉटेलिंग ह्यांनी १९२५ साली घसाऱ्याचा जो गणिती सिद्धान्त मांडला, त्याचे मर्म हेच आहे : घसारा म्हणजे यंत्राच्या भावी उपयोगाच्या मूल्यात पडलेला फरक, तो लोखंडाच्या झिजेपुरता मर्यादित नाही.

२. एक गृहीत उदाहरण

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे पाहणीतून मिळालेले नाहीत. ते केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरले आहेत. आपापल्या भागातील प्रत्यक्ष आकडे घालून वाचकाने हाच हिशेब पुन्हा मांडावा.

दीड टन माल वाहणारी पिकअप गाडी, हौदा व नोंदणी ह्यांसह १०,००,००० रुपयांस पडली. त्यांपैकी २,००,००० रुपये मालकाचे स्वतःचे आणि ८,००,००० रुपये द. सा. द. शे. १० दराने पाच वर्षांच्या मुदतीचे कर्ज आहे. मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,०४,००० रुपये येतो. गाडी आठ वर्षे वापरून ३,००,००० रुपयांस विकली जाईल असे मानू.

आता ह्या भांडवलाचा वार्षिक समतुल्य परिव्यय काढावयाचा. १० टक्के व्याजाने आठ वर्षांसाठी भांडवल-वसुलीचा गुणक ०.१८७४ आहे. वापरात संपणाऱ्या ७,००,००० रुपयांना ह्या गुणकाने गुणले असता १,३१,००० रुपये येतात. शेवटी परत मिळणाऱ्या ३,००,००० रुपयांवरील वार्षिक व्याज ३०,००० रुपये. एकूण १,६१,००० रुपये. हप्ता चालू असो वा फिटलेला असो, हा परिव्यय आठही वर्षे सारखाच लागू असतो.

विमा, कर आणि पासिंग ह्यांसाठी ४५,००० रुपये, आणि चालकाच्या वेतनासाठी, मग चालक मालक स्वतः असला तरी, दरमहा १५,००० प्रमाणे १,८०,००० रुपये धरू. म्हणजे स्थिर परिव्यय वर्षाला ३,८६,००० रुपये झाला. चल परिव्ययात डिझेल ९० रुपये लिटर आणि लिटरला १२ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ७.५० रुपये, टायर ०.७० रुपये, दुरुस्ती व वंगण आठ वर्षांच्या सरासरीने १.८० रुपये, एकूण १० रुपये. पथकर आणि हमाली ह्यांचा समावेश येथे केलेला नाही. आता वार्षिक धावेनुसार प्रतिकिलोमीटर परिव्यय असा येतो :

२०,००० किलोमीटर : स्थिर १९.३० + चल १०.०० = २९.३० रुपये
३०,००० किलोमीटर : स्थिर १२.८७ + चल १०.०० = २२.८७ रुपये
४०,००० किलोमीटर : स्थिर ९.६५ + चल १०.०० = १९.६५ रुपये
५०,००० किलोमीटर : स्थिर ७.७२ + चल १०.०० = १७.७२ रुपये

अर्थात् धाव वाढली की गाडीचे आयुष्य घटते आणि पुनर्विक्री मूल्यही उतरते. त्यामुळे खालच्या ओळींतील बचत प्रत्यक्षात काहीशी कमी भरेल. तरीही मुख्य गोष्ट निर्विवाद आहे. ह्या व्यवसायात परिव्ययाचा निर्णय डिझेलच्या भावापेक्षा वार्षिक धावेवर अधिक अवलंबून असतो. डिझेल ९० वरून ९९ रुपये झाले, तर किलोमीटरमागे ७५ पैसे वाढतात. धाव ३०,००० वरून २०,००० वर आली, तर सहा रुपयांहून अधिक वाढतात. तथापि डिझेलची वाढ पंपावर प्रत्यक्ष दिसते. धाव कमी झाल्याने झालेली वाढ कोठेच दिसत नाही. गाडी झाडाखाली उभी असते एवढेच.

रिकाम्या फेरीचा प्रश्न येथेच उद्भवतो. शेतमाल शहराकडे जातो. शहराकडून खेड्याकडे येणारा माल त्या मानाने थोडा. परतीचे भाडे न मिळाल्यास निम्मी धाव रिकामी होते आणि ३०,००० किलोमीटरच्या हिशेबात भरल्या गाडीचा प्रतिकिलोमीटर परिव्यय २२.८७ वरून ४५.७४ रुपयांवर जातो. खत, पशुखाद्य किंवा किराणा माल अशी एखादी परतीची खेप मिळविणे हे म्हणूनच दहा टक्के डिझेल वाचविण्यापेक्षा अधिक फलदायी आहे.

३. हप्ता फिटल्यानंतर

समजा, मालकाला जाऊन-येऊन प्रत्येक किलोमीटरला २० रुपये भाडे मिळते आणि गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर धावते. वार्षिक उत्पन्न ६,००,००० रुपये झाले. चल परिव्यय ३,००,००० आणि विमा-कर ४५,००० वजा जाता २,५५,००० रुपये उरतात. पहिली पाच वर्षे त्यांतून २,०४,००० रुपये हप्त्यात जातात आणि हाती वर्षाला ५१,००० रुपये राहतात. हा काळ ओढाताणीचा. सहाव्या वर्षी हप्ते संपतात. गाडी 'सुटली' असे मालक म्हणतो, आणि आता हाती वर्षाला पूर्ण २,५५,००० रुपये, म्हणजे महिन्याला २१,००० रुपयांहून अधिक येऊ लागतात. व्यवसाय फायद्यात आला असे त्याला वाटते. त्या पैशातून घराची दुरुस्ती होते, लग्नकार्य निघते.

वस्तुतः व्यवसायाच्या स्थितीत काहीही फरक पडलेला नाही. भाडे तेच, खर्च तोच. फक्त भांडवलाची परतफेड, जी आतापर्यंत हप्त्याच्या सक्तीने होत होती, ती थांबली आहे. गाडीचे मूल्य मात्र पूर्वीप्रमाणेच उतरत आहे. आठ वर्षांचा एकत्रित हिशेब मांडला की हे दिसून येते. आठ वर्षांत हाती आलेली रोख शिल्लक १०,२०,००० रुपये. त्यात गाडी विकून आलेले ३,००,००० मिळवून प्रारंभी घातलेले स्वतःचे २,००,००० वजा केले, तर ११,२०,००० रुपये उरतात. म्हणजे वर्षाला १,४०,००० आणि महिन्याला सुमारे ११,७०० रुपये. एवढ्या काळात १५,००० रुपये मासिक वेतनावर दुसऱ्याची गाडी चालविली असती, तर १४,४०,००० रुपये मिळाले असते. मालकी पत्करल्याने तो ३,२०,००० रुपयांनी मागे राहिला. आणि ह्यात त्याच्या स्वतःच्या पैशावरील व्याज धरलेले नाही, अपघाताचा वा हंगाम बुडण्याचा धोकाही धरलेला नाही.

आठ वर्षांनंतर जुनी गाडी विकून ३,००,००० रुपये हाती येतात. नवीसाठी १०,००,००० लागतात, आणि भाव वाढलेले असल्यास त्याहूनही अधिक. शेवटच्या तीन वर्षांतील शिल्लक खर्च झालेली असल्यास पुन्हा कर्ज, पुन्हा ओढाताणीची पाच वर्षे. कर्जफेडीनंतरची तीन वर्षे ही नफ्याची नसून भांडवल खाण्याची होती, हे त्या वेळी कळते.

हे आधी का कळत नाही, ह्याचे एक कारण हिशेबवहीच्या अभावात आहे. करकायद्यानेही वहीची गरज फारशी भासू दिलेली नाही. १९६१ च्या आयकर अधिनियमातील ४४-एई कलमाने दहापर्यंत मालवाहू वाहने असलेल्या मालकास अनुमानित उत्पन्नावर कर देण्याची सोय ठेवली. जड वाहन नसल्यास गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न मानले जाई आणि घसारा त्यातच वजा झाला असे समजले जाई. छोट्या मालकाचा लेखापालाचा खर्च वाचावा, हा ह्या तरतुदीचा हेतू रास्तच होता. परंतु घसाऱ्याचा आकडा मालकाच्या डोळ्यांसमोर यावयाची एकमेव औपचारिक संधीही तीमुळे गेली. जे हिशेब ठेवीत, त्यांनाही करनियमांतील घसारा फारसा उपयोगी नव्हता. भाड्याने चालविल्या जाणाऱ्या मालमोटारीस त्या अधिनियमाखाली घटत्या शिल्लक मूल्यावर ३० टक्के दर होता. त्यानुसार दहा लाखांची गाडी आठ वर्षांनी वहीत सुमारे ५८,००० रुपयांची उरते. बाजारात ती त्याच्या कितीतरी पट किमतीस जाते. करासाठीचा घसारा आणि आर्थिक घसारा ह्या भिन्न संकल्पना आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

४. गाडी केव्हा बदलावी?

गाडी जितकी अधिक वर्षे वापरावी, तितका भांडवलाचा वार्षिक भार हलका होतो. आपल्या उदाहरणात चार वर्षांनी ५,५०,००० रुपयांस विकल्यास वार्षिक समतुल्य परिव्यय १,९७,००० येतो. आठ वर्षांनी १,६१,०००. आणि बारा वर्षांनी १,५०,००० रुपयांस विकल्यास १,४०,०००. पहिल्या चार वर्षांच्या वाढीने ३६,००० रुपये वाचतात. दुसऱ्या चार वर्षांच्या वाढीने केवळ २१,०००. उलट दुरुस्तीचा खर्च वयाबरोबर वाढत जातो आणि ऐन हंगामात गाडी बंद पडण्याची शक्यताही वाढते.

निर्णयाचा नियम असा : जुनी गाडी आणखी एक वर्ष ठेवण्याचा परिव्यय नव्या गाडीच्या वार्षिक समतुल्य परिव्ययाहून कमी असेल, तोवर जुनी ठेवावी. नवव्या वर्षी गाडीचे मूल्य ३,००,००० वरून २,६०,००० होणार असेल, तर घट ४०,००० आणि अडकलेल्या रकमेवरील व्याज ३०,००० मिळून ७०,००० रुपये होतात. नव्या गाडीचा हाच आकडा १,६१,००० आहे. म्हणजे दुरुस्ती आणि बुडालेल्या खेपा मिळून नव्या गाडीच्या सरासरीपेक्षा ९१,००० रुपयांपर्यंत अधिक लागले तरी जुनी ठेवणे परवडते. जुन्या गाड्या रस्त्यावर दीर्घकाळ दिसतात, ह्याचे कारण मालकाचा हट्ट किंवा अज्ञान एवढेच नसते. पुष्कळदा तो निर्णय हिशेबाला धरून असतो.

ह्या संदर्भात जॉन रस्ट ह्यांचा १९८७ सालचा निबंध उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील मॅडिसन शहराच्या बससेवेत हॅरल्ड झर्चर हे देखभाल विभागाचे प्रमुख होते. बसचे एंजिन केव्हा बदलावयाचे, हे ते अनुभवाने ठरवीत. त्यांच्या नोंदींवरून रस्ट ह्यांनी त्या निर्णयांमागील परिव्ययाचे गणित उलगडून दाखविले. अनुभवी मेस्त्रीच्या अंदाजात सिद्धान्त दडलेला असतो. तो बाहेर काढण्यास नियमित नोंदी हव्यात, हा त्या निबंधाचा आपल्यासाठी धडा आहे.

जुनी गाडी विकत घेण्याचा पर्याय ह्याच हिशेबाने तपासता येतो. पहिल्या वर्षांतील मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते, हा लाभ. परंतु जॉर्ज अॅकरलॉफ ह्यांनी १९७० साली दाखविल्याप्रमाणे विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून चांगल्या गाड्या त्या बाजारात कमी येतात. ओळखीच्या मेस्त्रीकडून गाडी तपासून घेण्याची आपल्याकडील चाल ही ह्या अज्ञानावरचीच तोड आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यावर इंधनपुरवठा व धूरशुद्धीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढली आणि ह्या तपासणीचे काम पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

५. स्पर्धा, भाडे आणि अधिक भार

एवढे असूनही भाड्याचा दर परिव्ययाच्या पातळीवर का येत नाही? उत्तर अल्पकालीन निर्णयात आहे. गाडी दारात उभी असताना किलोमीटरला १० रुपयांहून जे काही अधिक मिळेल, ते रिकामे बसण्यापेक्षा बरेच. निदान विमा आणि हप्ता ह्यांना तेवढा हातभार लागतो. एका मालकाने २२ रुपये मागितले तर शेजारचा १८ रुपयांत जातो. मार्शल ह्यांनी जिला आभास-खंड म्हटले, तीच ही स्थिती : यंत्र एकदा घेतले गेले की त्याचे उत्पन्न त्याच्या मूळ किमतीवर अवलंबून राहत नाही, तात्कालिक मागणीवर राहते.

दीर्घकालात असा तोटा सोसणारे बाहेर पडतात आणि दर सुधारतो, असे सिद्धान्त सांगतो. परंतु येथे प्रवेश सुलभ आणि निर्गमन मंद आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार ३,००० किलोपेक्षा अधिक स्थूल भार नसलेल्या मालवाहू वाहनास परवाना लागत नाही. हलक्या मोटारीचा अनुज्ञप्तिधारक ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. ह्या सवलती नव्या तरुणांना रोजगाराची वाट मोकळी करतात, हे खरेच. पण बाहेर पडणारा जी गाडी विकतो, ती व्यवसायातून नाहीशी होत नाही. ती कमी किमतीस दुसऱ्याच्या हाती जाते आणि तो आणखी कमी भाड्यात परवडते म्हणून तिच्यावर धंदा करू लागतो.

ह्याचा परिणाम शेतमालाच्या संदर्भात पाहू. नारायणगावाहून पुण्याच्या मार्केट यार्डापर्यंत जाऊन-येऊन सुमारे १६० किलोमीटर होतात. आपल्या उदाहरणातील परिव्ययाने एका खेपेस ३,६५९ रुपये पडावयास हवेत. २० रुपये दराने ३,२०० मिळतात. वीस किलोंच्या ७५ क्रेटांवर हा फरक वाटला तर क्रेटमागे सुमारे सहा रुपये येतो. हे सहा रुपये शेतकरी देत नाही, आडत्या देत नाही, ग्राहकही देत नाही. ते गाडीमालकाच्या भांडवलातून आणि श्रमातून जातात.

ही तूट भरून काढण्याचा एक मार्ग मालकाला नेहमीच खुणावतो : आणखी पंचवीस क्रेट चढवावयाचे. एका वाढीव क्रेटचा रोख खर्च जवळजवळ शून्य वाटतो. पण टायर, पाटे, क्लच आणि ब्रेक ह्यांची झीज भारापेक्षा अधिक वेगाने वाढते आणि ती काही महिन्यांनी मेस्त्रीच्या बिलात उगवते. रस्त्याचे नुकसान तर कोणाच्याच बिलात येत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० ह्या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या रस्ता-चाचणीवरून असा ढोबळ नियम निघाला की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर झीज दुप्पट होते. दीडपट झाला तर पाचपट. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात अधिक भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेवण्यात आला. आपल्या उदाहरणात २०,००० रुपये म्हणजे सहा खेपांहून अधिक भाडे होय.

६. घ्यावी की भाड्याने बोलवावी?

स्वतःचा माल बाजारात नेण्यासाठी गाडी घ्यावी की नाही, हा शेतकऱ्याचा प्रश्नही ह्याच हिशेबाने सुटतो. भाड्याची गाडी किलोमीटरला २५ रुपयांनी मिळते असे धरू. स्वतःच्या गाडीचा चल परिव्यय १० रुपये, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला १५ रुपये वाचतात. पगारी चालक ठेवल्यास ३,८६,००० रुपये स्थिर परिव्यय भरून निघण्यास वर्षाला सुमारे २५,७०० किलोमीटर धाव हवी. घरातील माणूस शेतीच्या कामातून उरलेल्या वेळात गाडी चालवीत असेल आणि त्या वेळाला अन्य मोल नसेल, तर २,०६,००० रुपयांसाठी सुमारे १३,७०० किलोमीटर पुरतात. नारायणगाव-पुणे अशा सुमारे ८६ फेऱ्या झाल्या. केवळ एका हंगामात चाळीस खेपा असणाऱ्या शेतकऱ्याने गाडी न घेणे शहाणपणाचे. तिघा-चौघांनी मिळून घेतल्यास मात्र ती परवडू शकेल.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी ह्या हिशेबाचे स्वरूप आणखी तीव्र केले आहे. 'एस'ची विजेवरील आवृत्ती २०२२ साली पुढे आली. अशा गाडीत खरेदीची रक्कम अधिक आणि चालविण्याचा खर्च कमी असतो. अर्थात् तिच्या बाबतीत वार्षिक धावेचे महत्त्व डिझेल गाडीपेक्षाही अधिक. शहरात रोज ठराविक फेऱ्या करणाऱ्यास ती लवकर परवडेल, हंगामी शेतमाल वाहणाऱ्यास उशिरा.

७. समारोप

वरील विवेचनाचा अर्थ पिकअप गाडी हा तोट्याचा व्यवसाय आहे, असा करू नये. वर्षाला ४०,००० किलोमीटर धाव आणि परतीच्या खेपा मिळविणारा मालक २० रुपयांच्या दरातही आपला परिव्यय भरून काढतो, हे कोष्टकावरून दिसतेच. शिवाय स्वतःच्या गाडीचा मालक असण्यात जे स्वातंत्र्य आहे, त्याला काही मोल देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु ते मोल किती, हे कळून द्यावे. न कळता देऊ नये. त्यासाठी गुंतागुंतीचे गणित लागत नाही. हप्ते संपल्यावरही दरमहा त्यांतील निदान काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकीत राहणे, आपल्या श्रमाचे वेतन आधी वजा करून मग नफा मोजणे, आणि भरलेले व रिकामे किलोमीटर रोज लिहून ठेवणे, एवढ्या तीन सवयी पुरेशा आहेत.

अभ्यासकांचे काम येथून पुढे सुरू होते. ह्या लेखातील आकडे गृहीत आहेत. त्यांच्या जागी प्रत्यक्ष आकडे आले पाहिजेत. एखाद्या बाजारसमितीच्या आवारात नियमित येणाऱ्या वीस-पंचवीस गाड्यांच्या रोजच्या नोंदी एक वर्षभर ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. भाडे, धाव, रिकाम्या फेऱ्या, दुरुस्ती, बंद राहिलेले दिवस आणि जुन्या गाडीला आलेली किंमत एवढ्या सहा गोष्टी नोंदल्या, तर क्रेटमागील ते सहा रुपये खरोखर किती आहेत आणि ते कोणाच्या घरातून जातात, ह्याचे उत्तर अनुमानावर अवलंबून राहणार नाही.